धाकटीच्या टाळूचं तेल

माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर एक गाठ होती आणि मला त्या गाठीचा हेवा वाटायचा. हे ऐकून लोक हसतात. नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बायका दागिन्यांवर जळतात, तू गाठीवर?" हो, जळत होते. चांगली धडधडून जळत होते. ज्याने आमच्या ओट्यावरचा तो रविवारचा तेल लावायचा थाट पाहिला नाही, त्याने मला शहाणपण शिकवू नये.

गाठ होती टाळूच्या जागी, अगदी मधोमध, भांग सुरू होतो तिथून चार बोटं मागे. धाकटी तान्ही होती तेव्हा वाटाण्याएवढी, रांगायला लागली तेव्हा करवंदाएवढी, आणि शाळेत जायला लागली तोवर चांगली सुपारीएवढी. दुखत नव्हती, खाजत नव्हती. वरची कातडी बाकीच्या डोक्यासारखीच, तिच्यावर केसही तसेच. बोट दाबलं तर आत रबरासारखं लागायचं. मी दाबून पाहिलं होतं. आईने पाठीत धपाटा घातला होता, तोही मला आठवतो.

आता टाळूचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे शहापूरच्या खेड्यांत बाळ जन्मलं की त्याची टाळू भरतात. बाळाच्या डोक्याच्या मध्यावर हाडं जुळलेली नसतात, तिथं आतला ठोका बोटाला लागतो. त्या मऊ जागेवर रोज कोमट खोबरेल थेंब थेंब सोडायचं आणि ते जिरेपर्यंत तळहाताने थोपटत राहायचं. हल्लीच्या नर्सबाई नको म्हणतात, तरी बायका भरतातच. टाळू भरताना बाई दुसरं काही करत नाही. दारात कोण आलं, चुलीवर काय उतू गेलं, बघत नाही. तेवढा वेळ ती त्या बाळाची असते.

बाबांची आत्या आमच्या शेजारच्या घरात राहायची. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली होती, त्यामुळे बाळांच्या बाबतीत तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. धाकटी मात्र गावात जन्मली नाही. त्या साली भातकापणी उरकल्यावर आईबाबा भिवंडीकडच्या वीटभट्टीवर कामाला गेले, आणि थंडीत तिथेच ती झाली. मी चार वर्षांची, मीही तिथेच होते, पण मला त्यातलं धुराचा वास सोडून काहीही आठवत नाही. होळीला आम्ही घरी परत आलो. आत्याआजीने धाकटीला मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि हात मधेच थांबवला.

"काय गो, तेलाचा हात सैल सोडलास ना?" ती आईला म्हणाली. "भट्टीवर कुणी सांगणारं नाय, म्हणून ओतलंस. जिरलं नाय, साचलं ते. आता ऱ्हाईल असंच."

आईने धाकटीला परत आपल्या मांडीवर घेतलं. ही गोष्ट आत्याआजी पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिली, लग्नात, बारशात, विहिरीवर, आणि आई प्रत्येक वेळी खाली मान घालून गप्प. गावाने ठरवून टाकलं की हिने धाकटीवर इतकी माया केली की डोक्यात तेलाची गाठ झाली. मी हे ऐकतच मोठी झाले. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? माझं डोकं सपाट होतं. चाचपून चाचपून पाहिलं, सगळीकडे सपाट. म्हणजे माझ्या वाटेला तेल आलंच नव्हतं.

रविवारी दुपारी आई ओट्यावर बसायची, धाकटी तिच्या पुढ्यात. आई तेलाची वाटी उन्हात ठेवायची, बोट बुडवून बघायची, मग ओंजळीत घ्यायची. केस बाजूला सारून आधी गाठीभोवती बोट फिरवायची, एकदा, दोनदा, मोठी झाली की काय बघत. मग तिच्यावर तळहात ठेवून नुसती बसून राहायची. धाकटीचे डोळे मिटायचे. साय खाल्लेल्या मांजरासारखं तोंड करायची मेली. मी शेजारी बसलेली, माझी पाळी कधी येते बघत. माझी पाळी यायची तेव्हा वाटी रिकामी असायची. आई उरलेला हात माझ्या केसांना पुसायची, दोन हिसके देऊन वेणी घालायची आणि म्हणायची, "जा, उठ आता."

एकदा मी सरळ विचारलं, "आई, माझी टाळू कोणी भरली?"

"भरली असंल," आई म्हणाली.

"तू भरलीस का?"

"येवढ्या वर्षांचं काय काढलंस मधेच? जा, हंडा घेऊन ये."

बस्स. "भरली असंल." जसं काही मी शेजाऱ्यांच्या घरात जन्मले होते. त्या उत्तराने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती मस्तकातच राहिली. पुढे कितीदा विचारलं, आई दर वेळी काहीतरी काम सांगायची. मला हवं होतं ते एवढंच, की आईने एकदा तरी म्हणावं, हो, तुझीही भरली, मीच भरली.

मग मी माझ्या परीने उपाय केले. कानामागे हाडाचा एक उंचवटा लागला तेव्हा मी धावत आईकडे गेले. "माझ्यापण डोक्याला काहीतरी आलंय, बघ!" आईने हात लावला आणि म्हणाली, "ते डोकंच आहे." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हा मी गोठ्याच्या चौकटीवर मुद्दाम कपाळ आपटून घेतलं. टेंगूळ झकास आलं. आईने त्यावर हळद थापली, "बघून चालायला काय होतं?" म्हणून ओरडली, आणि सकाळपर्यंत ते उतरलंसुद्धा. माझं टेंगूळसुद्धा धड टिकलं नाही.

आणि हंडे! उन्हाळ्यात आमची विहीर आटते. पलीकडे तानसा धरणाचं पाणी चमकत असतं, ते मुंबईला जायचं, त्याकडे बघून आमची कळशी भरत नाही. आम्ही खालच्या ओहोळात खणलेल्या डवऱ्यावर जायचो, वाटीने पाणी भरायचो. गावातल्या सगळ्या मुली डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन चढण चढायच्या. धाकटी सोडून. तिच्या डोक्यावर काही ठेवायचं नाही, हा आईचा कायदा. पाण्याचा हंडा नाही, लाकडाची मोळी नाही, भाताचा भारा नाही. ती हातात एक छोटी बरणी घेऊन माझ्या मागून यायची, गाणी म्हणत. घरी आल्यावर आई विचारायची, "दमलीस का गो?" तिला! घामाने मी निथळतेय, मान माझी खाली गेलीय, आणि दमली ती. मी एकदा चढणीवर हंडाच आपटला. पोचा गेला त्याला. आई दोन दिवस बोलली नाही, आणि मला वाटलं, चला, निदान माझ्यामुळे काहीतरी झालं.

धाकटीला याचं काहीच नव्हतं. तिला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. केसांत फुलं माळताना ती गजरा त्या गाठीला अडकवून बसवायची, आरशात बघायची आणि मला म्हणायची, "ताई, तुझा बघ कसा घसरतोय." माझा खरंच घसरायचा.

ती सहावीत असताना शाळेत मुलांच्या तपासणीला डॉक्टर आले. त्यातल्या बाईंनी सगळ्या मुलांचे दात, डोळे, कान बघितले, आणि हिच्या डोक्यावरून हात फिरवल्यावर आत्याआजीसारख्याच थांबल्या. फरक एवढाच, की त्यांनी तेलाचं नाव काढलं नाही. त्यांनी बाबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, शहापूरला जा. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलात जा, फोटो काढावा लागेल. गाठ वाईट जातीची वाटत नाही, पण ती हाडाच्या वरच आहे की हाडातून आत मेंदूकडे गेली आहे, हे बघितल्याशिवाय कळणार नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. मी दहावीत होते. माझी परीक्षा कधी आहे हे आईला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. सकाळी उठलं की आई धाकटीच्या उशाशी, रात्री झोपताना तिच्या उशाशी. शेजारणी यायच्या, देवीची ओटी भरून यायच्या, तिच्या हातात खाऊ ठेवायच्या. मला म्हणायच्या, "आता तूच घर बघ हां, शहाणी गो माझी." शहाणी म्हटलं की समजायचं, आपल्याला काही मिळणार नाही.

फोटो काढला. मशीनच्या आवाजाला ती घाबरेल असं सगळ्यांना वाटत होतं. ती बाहेर आली ती हसतच. भाताच्या गिरणीसारखा आवाज येतो म्हणाली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. त्यांनी संगणकावर धाकटीचं डोकं दाखवलं, करडं, आतून. "गाठ बाहेरच आहे. खालच्या हाडाला थोडा खळगा पडलाय, पण आत वाट दिसत नाही. तरी उघडल्यावरच खात्री होईल. काढून टाकू. अशी गाठ क्वचितच बघायला मिळते, पण ही कॅन्सरची नाही. एकदा पूर्ण निघाली की विषय संपला."

आईने सगळं ऐकून घेतलं. तिला विचारायचं काहीतरी वेगळंच होतं, हे मला दिसत होतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि सोडायचं चाललं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी धाकटीचे टाळूवरचे केस काढले. केसांशिवाय ती गाठ मी प्रथमच नीट पाहिली. लहानशी, गुळगुळीत, बिचारी दिसत होती. माझी इतकी वर्षं जिने घेतली ती एवढीशीच. तिला आत नेलं आणि दार लागलं. आई बाकावर बसली, मी तिच्या शेजारी. मी देवाला हात जोडले. खरं काय ते सांगते, नुसत्या मायेने नाही जोडले. तिला काही झालं असतं तर आई कायमची तिचीच झाली असती. जिवंत बहिणीशी निदान भांडता तरी येतं. म्हणून मी म्हटलं, देवा, हिला बाहेर आण, धडधाकट आण, मला अजून हिच्याशी पुष्कळ हिशेब करायचेत. आणि मग एकदम हिशेबाचं काही आठवेना.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "छान झालं. अख्खी निघाली. आत गेलेली नव्हती."

बाबांनी डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, "आत काय होतं मॅडम?"

"अशा गाठीत असतं तेच. तेलकट, लोण्यासारखा पदार्थ, आणि दोनचार केस."

बाबांनी लगेच गावाला फोन लावला. आत्याआजी ओरडून बोलते, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "बघा! तेलच निघालं ना? मी काय बोलत होते!" तिच्या आवाजातला विजय काय वर्णावा. पोर वाचल्याचा आनंद तिला होताच, पण आपण खरे ठरल्याचा जरा जास्त होता.

तेव्हा आईने डॉक्टरीणबाईंना थांबवलं. पदर सोडला आणि एका दमात विचारलं, "बाई, टाळू भरली नाय तर असं होतं का?"

मला वाटलं, घाईत चुकून बोलली. भरली नाय? की जास्त भरली?

डॉक्टरीणबाईंना आधी टाळू भरणं म्हणजे काय ते सांगावं लागलं. मग त्या म्हणाल्या, "आई, या गाठीचा तेलाशी काहीच संबंध नाही. जास्त घातलं म्हणून होत नाही, घातलं नाही म्हणूनही होत नाही. बाळ पोटात घडत असतं तेव्हाच कातडीचा एक बारीकसा कण डोक्याच्या हाडांच्या सांध्यात अडकून राहतो. तो तिथे आपली पिशवी करतो आणि कातडी बाहेर जे करते, तेच ती पिशवी आत करते. तेल त्या पिशवीनेच तयार केलं. तुमची मुलगी ही गाठ घेऊनच जन्मली. तुम्ही काही केलं नाहीत."

"काय नाय केलं," आई म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. रडली. मी माझ्या आईला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, माणूस मरो की बैल मरो. बाबा गांगरून पाणी आणायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

संध्याकाळ व्हायच्या आधी धाकटीला वॉर्डात आणलं. डोक्याला पांढरं बँडेज, डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. आई स्टुलावर बसली, मी खाटेच्या कडेला. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "येवढी वर्षं मला वाटायचं, मी कोरडी ठेवली म्हणून टाळू अशी वर आली."

"कोरडी? आत्याआजी तर म्हणते..."

"ती म्हणते. ती काय भट्टीवर होती?"

आई अशी बोलायला लागली की मधे बोलायचं नसतं.

"एक बाटली नेली होती तेलाची. थंडी अशी, की तेल थिजून दगड. मी चुलीपाशी ठेवून पातळ करायची, हिला पायांवर घ्यायची, की तू आलीस. हिच्या डोक्यावर हात ठेवू द्यायची नायस. माझी टाळू भर, माझी टाळू भर. तुझी टाळू कवाच मिटलेली, पण ऐकते कोण? लोळण घ्यायचीस. हिला चिमटे काढायचीस. बाहेर मुकादम हाका मारतोय. मी काय करणार? हिला झोळीत टाकायची आणि तुला पुढ्यात घ्यायची. तुझं डोकं थोपटत बसलं की तू गप. रोज तेच. सगळी बाटली तुझ्या डोक्यात गेली. हिला उरलेला हात पुसायची."

उरलेला हात. मी ते दोन शब्द ऐकले आणि माझा हात माझ्याच वेणीकडे गेला.

"मग आत्याआजीला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? जास्त माया केली म्हणून बोलली तर बोलू दे. तान्ह्या लेकीची टाळू कोरडी ठेवली असं कुणी म्हटलं असतं, तर तोंड कुठं लपवलं असतं मी?"

"आणि मी विचारायचे तेव्हा? मला का नाही सांगितलंस?"

आईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुला? तू गावभर नाचवलं असतंस."

यात खोटं काहीच नव्हतं. नाचवलंच असतं.

मला वाईट वाटायला हवं होतं, असं नवरा म्हणतो. धाकटीच्या वाटणीचं मी लाटलं होतं म्हणे. कसलं काय! चार वर्षांच्या पोरीला काय कळतं? मला आनंद झाला. इतका आनंद, की त्या वॉर्डात, त्या औषधांच्या वासात, आजारी बहिणीच्या उशाशी मला हसू आवरेना. सगळी बाटली! थेंब थेंब नाही, सगळी!

"सगळी बाटली?"

धाकटी जागी होती. कधीपासून कोण जाणे. आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट. ती आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं तिने माझ्याकडे प्रेमाने बघितलं होतं, वैतागून बघितलं होतं, चिडवत बघितलं होतं, पण असं कधीच नाही. ती नजर मी लगेच ओळखली. ती माझीच होती.

"नाय गो, तसं नाय," आई घाईने म्हणाली आणि सवयीने तिच्या डोक्याकडे हात नेला. तिथे बँडेज होतं. हात लावायला डॉक्टरांनी बजावून मनाई केली होती. आईचा हात हवेतच राहिला. कुठे ठेवायचा ते तिला कळेना.

मी खाटेवरून खाली सरकले, स्टुलापाशी जमिनीवर बसले आणि डोकं पुढे केलं.

आईने हात ठेवला. जरा वेळ नुसताच. मग तळहात आपसूक हलायला लागला, हळूहळू, थापट्या देत, अगदी मधोमध. तेल नव्हतं, काही नव्हतं. धाकटी उशीवरून टक लावून बघत होती. बघू दे.